खर्च कमी करायचा, म्हणजे किती?



वार्षिक सभा असो, गटाचा मेळावा असो, की वजनकाट्यावर गाडीचा नंबर लागण्याची वाट पाहत मंडळी उभी असोत, एक वाक्य आमच्या कानावर हमखास येते. "साहेब, खर्च आवाक्यात राहिना झालाय." यात खोटे काही नाही. नांगरट, मजुरी, खते, औषधे, ज्याला हात लावावा ते महागलेले आहे. पण आम्ही लगेच पुढचा प्रश्न विचारतो, "बरं, टनाला किती पडला?" तिथे गाडी अडते. कोणी म्हणतो, "एकरी पन्नास-साठ गेले असतील." कोणी म्हणतो, "ते काय लिहून ठेवलंय व्हय?" ज्या पिकाच्या भरवशावर सोसायटी भागते, पोरांच्या फिया भरतात आणि घराचा स्लॅब पडतो, त्याचा हिशेब 'गेले असतील' या दोन शब्दांवर चालावा, हे आम्हांस बरोबर वाटत नाही.

सरकारने मात्र आपल्या खर्चाचा आकडा धरून ठेवलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरविली. त्या वेळी उसाचा उत्पादन खर्च क्विंटलला १७३ रुपये, म्हणजे टनाला १,७३० रुपये धरला होता. या आकड्यात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज येत नाही. तेव्हा हा आकडा कमी धरला अशी तक्रार करायला जागा आहे, आणि ती शेतकरी संघटना करतातही. आमचे म्हणणे एवढेच, की तक्रार करायची तर आपला आकडा हातात हवा. आपल्या कार्यक्षेत्रातील किती सभासदांना सांगता येईल, की माझा खर्च १,७३० च्या वर आहे की खाली?

भाव आपल्या हातात नाही. एफआरपीचा आकडा वाढत गेला खरा, पण त्याचा पाया असलेला उताराही सरकत गेला. पूर्वी तो साडेनऊ टक्के होता, २०१८-१९ पासून दहा झाला, २०२२-२३ पासून सव्वादहा. साडेनऊ किंवा त्याखाली उतारा गेला, तर २०२५-२६ च्या हिशेबाने टनाला ३,२९० रुपये ५० पैसेच बसतात, आणि त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा होते. दर ठरतो दिल्लीत, उतारा ठरतो सगळ्यांच्या उसावर मिळून. एकट्या सभासदाच्या अखत्यारीत राहतो तो खर्च. म्हणून त्याला आकड्यात बांधला पाहिजे.

'यंदा खर्च कमी करायचा' हे ठरविणे नव्हे. किती कमी, कशात कमी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाला की नाही ते कशावरून कळणार, या चार गोष्टी सांगता आल्या तरच ते ठरविणे झाले. 'सुरू उसाला युरियाच्या आठ गोण्या टाकत होतो, यंदा माती तपासून चारच टाकणार' हे ठरविणे झाले. 'खताचं जरा बघू' हे नव्हे.

खर्च दिसत नाही याचे एक कारण आपल्या सहकाराच्या पद्धतीतच आहे. खत उधारीवर मिळते, बेणे उधारीवर मिळते, पाणीपट्टी, सोसायटीचा हप्ता, सगळे उसाच्या बिलातून कापून जाते. सोय मोठी आहे, ती नको असे कोणी म्हणणार नाही. पण पैसा हातातून जातो तेव्हा जो चटका बसतो, तो कपातीत बसत नाही. बिल आले की आपण तळाचा आकडा पाहतो आणि कागद खिशात घालतो. मधला कपातीचा रकाना वाचतच नाही. तो रकाना म्हणजे निम्मा हिशेब आयता लिहून दिलेला आहे. गेल्या दोन हंगामांची बिले काढा आणि घरात जे कोणी लिहिते-वाचते असेल त्याला शेजारी बसवा. आमचा अनुभव असा, की हे काम घरच्या बाईमाणसाकडे दिले तर जास्त चोख होते. कारण मजुरांना चहा किती वेळा गेला इथपर्यंत त्यांच्या लक्षात असते.

आता एकरी खर्च धरायचा की टनी, हा मुद्दा. इथे बरेच जण फसतात. हिशेब समजण्यापुरते तीन आकडे धरू. एकाने एकरी ४८,००० रुपये घातले आणि ३० टन काढले, त्याला टन पडला १,६०० ला. दुसऱ्याने ७२,००० घातले आणि ५० टन काढले, त्याला पडला १,४४० ला. तिसऱ्याने 'यंदा खर्चच करायचा नाही' म्हणून खत तोडले, भांगलण टाळली, ४०,००० वर भागविले आणि ऊस निघाला २२ टन. त्याचा टन १,८०० च्या वर गेला. एकरी पाहिले तर तिसरा सर्वांत काटकसरी, टनी पाहिले तर तोच सर्वांत महागात पडला. म्हणून ध्येय लिहायचे ते 'टनाला अमुक रुपये' असे. आडसाली जवळपास दीड वर्ष रानात राहतो आणि खोडवा वर्षात निघतो, तेव्हा दोन्हींचा हिशेब वेगळा मांडावा, एकात एक मिसळू नये.

याच ओघात एक गोष्ट बोलून टाकतो, कोणाला लागली तरी हरकत नाही. जास्तीत जास्त टनेज काढणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार सगळीकडे होतो, फेटा बांधला जातो, फोटो छापून येतो. झालाच पाहिजे, त्यात कष्ट असतात. पण त्या एकराला खर्च किती आला हे फोटोखाली कधी छापलेले आम्ही पाहिले नाही. समजा एकरी १०० टन निघाले आणि खर्च १,८०,००० झाला, तर टन १,८०० रुपयांना पडला. पाहुणे पाहून गेले, शेजाऱ्याने त्याच बाटल्या आणल्या, टन निघाले पन्नास, आणि उधारी मात्र शंभर टनांची झाली. ऊस स्पर्धेच्या अर्जात टनी खर्चाचा रकाना असावा आणि पावत्या पाहून त्यालाही गुण द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खताकडे येऊ, कारण आकडा लावायला सर्वांत सोपी जागा तीच. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश अशी आहे. एकराला ती १००, ४६ आणि ४६ किलो होते. गोण्यांत सांगायचे तर डीएपी २, युरिया ४ आणि पोटॅश दीड. इथे लक्षात ठेवावे, की युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली. पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अजून पन्नास किलोचीच गोणी आहे. वेळापत्रकही गोण्यांत बसते. लागणीला डीएपी एक आणि पोटॅश पाऊण. दीड ते दोन महिन्यांनी युरिया दोन. तीन ते चार महिन्यांच्या दरम्यान युरिया अर्धी. बांधणीला डीएपी एक, युरिया दीड, पोटॅश पाऊण. आडसालीला आणि पूर्वहंगामीला मात्रा जास्त लागते, जात आणि जमीन पाहूनही ती बदलते, तेव्हा हाच तक्ता उचलून सगळीकडे लावू नये. मातीचा नमुना आधी द्यावा. पण ज्यांच्या सुरू उसात सात-आठ गोण्या युरिया पडतो, त्यांनी हा हिशेब आपल्या पावत्यांशी ताडून पाहावा.

कोणी म्हणेल, युरिया २६६ रुपये ५० पैशांची गोणी, चार जास्त पडल्या तर हजार-अकराशेचा प्रश्न, त्यात काय एवढे? गोणीची किंमत तेवढीच आहे, हे कबूल. पण उशिरा दिलेल्या जास्तीच्या नत्राने ऊस लुसलुशीत वाढतो, लोळतो, किडीला आमंत्रण देतो आणि उतारा खाली आणतो. २०२५-२६ च्या दरपत्रकात सव्वादहाच्या वर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे आहेत, आणि खाली गेला तर साडेनऊपर्यंत त्याच हिशेबाने कापले जातात. उतारा सगळ्यांचा मिळून निघतो. त्यामुळे एकाच्या लोळलेल्या उसाचा भुर्दंड थोडाथोडा सर्वांना बसतो. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात ०.१ टक्का म्हणजे ५०० टन साखर होते.

खताच्या दुकानातला खरा खर्च गोणीत नसतोच, तो बाटलीत असतो. टॉनिक, ह्युमिक, फुटव्याची बाटली, जाडीची बाटली, कांडी लांब होण्याची बाटली. टंचाईच्या दिवसांत एखादा दुकानदार युरियाबरोबर ही घेतलीच पाहिजे म्हणून गळ्यात मारतो. असे लिंकिंग करता येत नाही. कोणी केले तर कृषी खात्याकडे तक्रार करा आणि पावती मागा. ज्या पावत्या आम्ही पाहिल्या, त्यांत अनेकदा बाटल्यांची बेरीज डीएपीच्या बेरजेला मागे टाकते. यासाठी आम्ही एकच ध्येय सुचवतो: लेखी शिफारशीशिवाय बाटली शून्य. मोह होत असेल तर दहा गुंठ्यांवर मारून पाहा, शेजारच्या दहा गुंठ्यांवर मारू नका, आणि तोडीला दोन्हींचे वजन वेगळे करून घ्या. आमचा माणूस उभा राहून वजन करून देईल.

पाण्याचे गणित अलीकडे फिरले आहे. एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ करणारी योजना आणली. बिल नाही म्हटल्यावर कोण मोजतो? बटण दाबायचे आणि चावडीवर बसायचे. उपसा सिंचन संस्थेचे पाणी घेणाऱ्यांना पट्टी भरावी लागते, ते तरी थोडे जपून असतात. पण पाण्याची किंमत बिलापुरती नसते. जास्तीच्या पाण्याबरोबर युरिया मुळांच्या खाली जातो, वाफसा येत नाही, आणि भारी जमिनीत क्षार वर येतात. शिरोळ, मिरज, वाळवा तालुक्यांत एके काळी सोन्यासारखी असलेली राने क्षारपड झाली, ती पाणी कमी पडल्यामुळे नव्हे. ज्या रानात आता कुसळही धड उगवत नाही, त्याचा टनी खर्च काय सांगायचा? म्हणून पाण्यालाही आकडा लावा. पंपाच्या पेटीवर खडूने रेघ मारा: पाळी कितवी, किती तास. वर्षाअखेर रेघा मोजा. तीस झाल्या असतील तर पुढच्या साली पाचट पसरून सव्वीसवर आणता येतात का, ते पाहा. ठिबक ज्यांच्याकडे आहे त्यांनीही तास लिहावेत. ठिबक बसवून पाटपाण्याच्याच सवयीने तासन्‌तास चालू ठेवणारे सभासद आम्हांस माहीत आहेत.

आणि खोडवा. खर्च कमी करण्याची एवढी मोठी संधी उसात दुसरी नाही, आणि एवढे दुर्लक्षही दुसऱ्या कशाकडे नाही. नांगरट नाही, बेणे नाही, लागणीची मजुरी नाही. असे असताना तोड संपली की संध्याकाळी काडी लागते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश असते. पोटॅश महाग म्हणून ओरडायचे आणि घरचा पालाश पेटवून द्यायचा, हा व्यवहार कोणत्या वहीत बसतो? पाचट सरीत दाबावे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. बुडखे जमिनीलगत छाटावेत. खत वरून फेकू नये. पहारीने बुडख्याच्या बाजूला सहा-सात इंच खोल भोके एकेक फुटावर घेऊन निम्मे पंधरा दिवसांच्या आत आणि निम्मे साधारण १३५ दिवसांनी द्यावे. पहार महाराष्ट्रात कोणाच्या घरी नाही? खोडव्याचे ध्येय दोन आकड्यांत मांडता येते. जाळलेले गुंठे: शून्य. तुटाळी: उगवणीनंतर दोन फुटांपेक्षा मोठ्या मोकळ्या जागा मोजायच्या आणि पिशवीतली रोपे लावून भरायच्या. मोकळ्या जागेलाही खत, पाणी, भांगलण पूर्ण लागते, ऊस तेवढा निघत नाही.

बेण्याबद्दल थोडक्यात. दोन डोळ्यांची १०,००० टिपरी एकराला पुरतात. त्याला अडीच ते तीन टन बेणे लागते. चार टन दाबणाऱ्याने वरचा टन मातीत पुरला असे समजावे. रोपे लावायची असतील तर साडेचार फुटी सरीत दोन फुटांवर ४,८४० रोपे बसतात, तेवढीच सांगावीत. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे आणि बेणेमळ्यातले असावे. खोडव्याचे बेणे फुकट मिळाले तरी घेऊ नये.

काही ध्येये रुपयांत नसतात, तारखेत असतात. राज्यात २०२१ पासून मुदतीत फेड करणाऱ्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडेल अशी सवलत आहे. मुदत एक दिवस चुकली तरी ती हातची जाते. आपल्या सोसायटीची तारीख सचिवांना विचारून कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. तिचे पैसे बिल जमा होईल त्याच दिवशी बाजूला काढावेत. खासगी सावकाराला महिन्याला शेकडा दोन-तीन रुपये मोजत असाल तर तो आकडाही वहीत येऊ द्या. पाहुण्याकडून घेतले असले तरी.

तोडणीचा विषय निघाला की सभासद आमच्याकडे पाहतात, आणि ते योग्यच आहे. खुशाली, एंट्री, ट्रॅक्टर बाहेर काढायला वेगळे, वर जेवण. हे पैसे कोणत्याही बिलात दिसत नाहीत, पण जातात सभासदाच्याच खिशातून. ते वहीत लिहावेत: तारीख, गाडी, रक्कम. पाचशे सभासदांनी लिहिलेला आकडा संचालक मंडळापुढे ठेवता येतो. पारावरची कुजबुज ठेवता येत नाही. सभासदाला आकडे लावायला सांगणाऱ्या शेतकी खात्याने स्वतःलाही ते लावून घ्यावेत. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड यायला हवी होती त्यापेक्षा किती दिवस उशीर झाला, तोडलेला ऊस किती तासांत गव्हाणीत पडला, मातीचे किती नमुने घेतले आणि किती अहवाल वेळेत परत दिले, हे चार आकडे दर पंधरवड्याला गट कार्यालयाच्या फळ्यावर खडूने लिहिले जावेत. तुरा आलेला ऊस रानात वाळत उभा असताना आम्ही खर्चावर व्याख्यान द्यायला आलो, तर कोण ऐकेल?

एकदम सगळ्याला हात घालू नका. नांगरट, बेणे, खत, बाटल्या, पाणी, मजुरी, व्याज, सगळे याच वर्षी आवळायला निघालेला माणूस पोळ्यापर्यंत वही बंद करतो. या हंगामात दोनच बाबी निवडा. ज्यांच्या खोडव्याला दरसाल काडी लागते त्यांनी पाचट आणि पहार घ्यावी. ज्यांची दुकानातली उधारी मोठी आहे त्यांनी गोण्या आणि बाटल्या. प्रत्येकीपुढे गेल्या सालचा आकडा, यंदाचा आकडा आणि तारीख लिहा, आणि बांधणीच्या वेळी एकदा पडताळा. मधेच पाऊस गेला, हुमणी लागली, तर आकडा बदलावा लागेल. तो खोडून नवा लिहा, जुना दिसेल असा ठेवा.

वहीसाठी वेगळा खर्च नको. पोरांच्या गेल्या वर्षीच्या वहीची कोरी पाने चालतील. गावच्या चिटबॉयकडे गेल्या दोन हंगामांच्या टनांचे आकडे सर्व्हे नंबरवार मिळतील, ते मागून घ्या. लागणीची नोंद द्यायला गट कार्यालयात याल तेव्हा वही बरोबर आणा. भागाकार जमत नसेल तर आमच्या माणसांपुढे ठेवा, टनाचा आकडा ते काढून देतील.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते